डिस्क बदलायची दुपार

लॅपटॉप आधी नुसता रेंगाळायचा, मग आतून टिकटिक करायला लागला. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, लिनक्स हवं की विंडोज, आणि तिथेच तो असा हटून बसायचा की तेवढ्यात कवळ्या बनवणारा त्याचा मालक मेण वितळवून, साचा भरून, हात धुऊन परत यायचा. त्याचं पोट विंडोजवर होतं. दातांच्या मापांवरून कवळीचा आराखडा काढणारा प्रोग्राम फक्त तिथेच चालायचा. लिनक्स मात्र ताईने बसवून दिलेलं. "एकाने दगा दिला तर दुसरं असू दे हाताशी," असं म्हणून तिने एकाच डिस्कचे दोन भाग केले होते. पुढचा विंडोजचा, मागचा लिनक्सचा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. एका मोठ्या इस्पितळाच्या कंप्युटर विभागात तिची सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाली तेव्हा ती त्या विभागाची प्रमुख होती. याला बोट धरून शाळेत नेलं तिनेच, सायकल शिकवली तिनेच आणि चाळिशी आल्यावर कंप्युटरसमोर बसवून, "घाबरतोस काय, चावत नाही तो," असं दटावलं तेही तिनेच. आता त्याची दाढी पांढरी झाली होती, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच.

लिनक्सच्या भागात त्याने कामाचं काही ठेवलेलं नव्हतं. तिथे होते फोटो. कवळी पहिल्यांदा तोंडात नीट बसली की माणूस आरशात बघून हसतो, आणि ते हसू नंतरच्या कुठल्याच हसण्यासारखं नसतं. दवाखान्यात कवळी बसते की नाही हे बघायला तो स्वतः जायचा, तेव्हा परवानगी मागून तो हे हसू टिपायचा. एक बसचालक होता, कित्येक वर्षं तोंडावर हात धरून बोलणारा. एक गाण्याच्या बाई होत्या, ज्यांना दात गेल्यापासून 'स' म्हणता येत नव्हता. दोन मुलांनी धरून आणलेले एक वडील होते, कवळी बसल्या बसल्या डॉक्टरांकडे सुपारी मागणारे. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करत बसला, त्यातलं त्याचं म्हणून काही असेल तर ते हे फोटो. ताईने ते वर्षवार लावून दिले होते आणि त्या फोल्डरला नावही तिनेच दिलं होतं: बत्तिशी.

डिस्क टिकटिकायला लागल्यावर त्याने नवी आणली. फिरत्या तबकडीची नाही, एसएसडी. हातात घेतली तर चॉकलेटच्या वडीइतकी हलकी.

"दुकानात दे आणि मोकळा हो," बायको म्हणाली. "तासाभरात करून देतात."

"ताईला कळलं तर?"

"कळून आता..." एवढं बोलून ती थांबली आणि उगीचच टेबल पुसायला लागली.

दीड-एक वर्षापूर्वी ताईचं ते सुरू झालं होतं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं, पण घरात कुणी ते नाव घेत नसे. सगळे 'ते' म्हणत. आधी शब्द अडायला लागले. मग एकदा ती रोजच्या बसमधून रोजच्या थांब्यावर उतरली आणि घर कुठल्या बाजूला हे न कळून तिथेच बाकावर बसून राहिली. बाकी ती बरी होती. बोलायची, हसायची, पेपर वाचायची, जुन्या गोष्टी तर तारीखवार सांगायची. फक्त मधेच कुठेतरी पायाखालची फरशी निघालेली असायची, आणि ती कुठली हे तिला किंवा दुसऱ्या कुणालाही आधी कळत नसे.

बारक्या दुकानात जायला निघालाही होता. तेवढ्यात भावोजींचा फोन आला. ताईचे यजमान तसे फोनवर बोलणारे नव्हतेच.

"तुझा लॅपटॉप बिघडलाय म्हणे. बायको बोलली तुझी."

"हो. देतोय दुकानात."

"इकडे आण." मग जरा थांबून ते म्हणाले, "काल मला विचारत होती, हल्ली कुणाचं काहीच कसं बिघडत नाही? पूर्वी रविवारी दाराशी रांग असायची, आता सगळ्यांची मशिनं एकदम शहाणी झाली का? काय सांगू मी तिला?"

रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन गेला. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात भावोजींनी जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कपाटावर 'कपबशा', शेगडीवर 'बंद केली का?', न्हाणीघराच्या दारावर 'दिवा'. खिडकीजवळचं टेबल मात्र लख्ख रिकामं केलेलं होतं. त्यावर पांढरा पंचा अंथरलेला, शेजारी स्क्रूड्रायव्हरची डबी, एक पेनड्राइव्ह, जुनी डिस्क बाहेरून जोडायची केबल असलेली प्लॅस्टिकची चपटी डबी. ताईने केस नीट बांधले होते. घरात घालायचा चष्मा नव्हे, ऑफिसातला चष्मा लावला होता.

"बॅकअप घेतलास?" तिने दारातच विचारलं.

"घेतलाय."

पूर्वी ती एवढ्यावर कधी सोडत नसे. दाखव म्हणायची, उघडून बघायची, 'घेतलाय म्हणणारे सगळे नंतर माझ्यासमोर येऊन रडतात' म्हणायची. या वेळी तिने नुसती मान हलवली. खरं म्हणजे त्याने बॅकअप घेतला होता तो फक्त कामाचा. कवळ्यांचे आराखडे, दंतवैद्यांचे हिशेब. फोटो डिस्कवरून डिस्कवर जाणारच आहेत, असं धरून चालला होता तो. ताईच्या हातून आजवर कुणाची साधी एक चिठ्ठीही हरवली नव्हती.

तिने लॅपटॉप पालथा घातला आणि कामाला लागली. हातांना काही झालेलं नव्हतं. एकेक स्क्रू काढून ती पंचावर ठेवत गेली, ज्या जागेवरून निघाला त्याच जागी, म्हणजे पंचावर लॅपटॉपच्या पाठीचा नकाशाच तयार झाला. नखाने झाकण सैल केलं. जुनी डिस्क बाहेर आली. ती हातात धरून तिने कानाशी नेली, जसं काही अजून टिकटिकतेय.

"दमली बिचारी," ती म्हणाली.

पूर्वी ती जुनी डिस्क आतच ठेवायची, नवी बाहेर डबीत लावायची आणि सगळं उतरवून झालं की मगच अदलाबदल करायची. आज म्हणाली, "उघडलाच आहे तर नवी बसवूनच टाकू. जुनी जाऊ दे डबीत." त्यात वावगं काही नव्हतं, तसंही चालतं. नवी एसएसडी आत गेली, झाकण बसलं, स्क्रू आपापल्या घरी परतले. जुनी डिस्क चपट्या डबीत गेली आणि केबलने लॅपटॉपला लागली. ताईने पेनड्राइव्हवरचं लिनक्स सुरू केलं. काळी खिडकी उघडली, त्यात तिने कमांड टाकली आणि जोडलेल्या डिस्कची यादी आली. आतली ए, पेनड्राइव्ह बी, डबीतली सी. आतली आणि डबीतली दोन्ही सारख्याच मापाच्या. त्याने मुद्दाम तेवढीच आणली होती, म्हणजे उतरवताना भानगड नको.

"ए ते सी," ताई पुटपुटली आणि टाइप करायला लागली.

एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवायची ही कमांड तिनेच त्याला कधीकाळी समजावली होती. तिला दोनच गोष्टी सांगायच्या, कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं. 'हे यंत्र म्हणजे आज्ञाधारक गाढव,' ती म्हणाली होती. 'उलटं सांगितलंस तर उलटं करेल, एका शब्दाने विचारणार नाही.' म्हणून ते शब्द त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. आणि आता पडद्यावर दिसत होतं: कुठून, तर ए. कुठे, तर सी. नव्या कोऱ्या डिस्कवरून जुनीवर.

"ताई," तो म्हणाला, "ए म्हणजे आतली ना?"

"हो, आतली. जुनी आतच असते."

हे तिने इतक्या ठामपणे आणि सहज सांगितलं की क्षणभर त्यालाच वाटलं, आपण चुकतोय. मग त्याची नजर डबीकडे गेली. जुनी डिस्क तिच्या कोपराशी पडलेली होती, कडेचा कागद निघालेली, मळकी. ती जुनी नाही असं कुणी म्हटलंच नसतं.

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात भावोजी दिसले, हातात चहाचा ट्रे. कंप्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की बायको कामात रंगलीय आणि मेहुणा तिला काहीतरी टोकणार आहे. त्यांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नको.

ताईने एंटर दाबलं.

पडद्यावर आकडे पळायला लागले. ताई खुर्चीत मागे रेलली, चहाचा कप घेतला आणि म्हणाली, "आता दोन तास आपल्याला काही काम नाही. बस."

आणि ती बोलायला लागली. इस्पितळात पहिलं मशीन आलं तेव्हाची गोष्ट. ते दारातून आत जाईना म्हणून भिंत फोडली होती. मग एका शल्यविशारदाची, जो पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव ठेवायचा आणि तेही विसरायचा. वडिलांची, ते लपूनछपून तिच्या कंप्युटरवर पत्ते खेळायचे आणि पावलं ऐकली की पडदाच बंद करून टाकायचे. शब्द अडत नव्हते. एकही नाव हरवलं नाही. भावोजी भिंतीला टेकून उभे राहिले आणि ट्रे तसाच हातात धरून हसत राहिले. वर्षभरात या घरात अशी दुपार झाली नव्हती.

बारक्या हसत होता, पण त्याचा एक डोळा आकड्यांवर होता. त्याला माहीत होतं की डिस्कच्या पुढच्या भागात विंडोज आहे. ते पुसलं गेलं तर जाऊ दे, त्याचा बॅकअप आहे. बत्तिशी मागे आहे. अजून केबल उपटली तर फोटो वाचतील. दुकानवाला काढून देईल. त्याने मनात ठरवलं, ही भिंतीची गोष्ट संपली की सांगू. ती संपली तेव्हा शल्यविशारदाची सुरू झाली. मग म्हणाला, वडिलांची संपू दे. त्या गोष्टीत ताई हसता हसता ठसकली, डोळे पुसायला तिने चष्मा काढला, आणि त्याला ती परत तीच दिसली, सायकल मागून धरून धावणारी. आकडे निम्म्यावर गेले. निम्म्याच्या पुढे गेले. कुठल्या घटकेला बसचालक गेला, कुठल्या घटकेला गाण्याच्या बाई, कुठल्या घटकेला सुपारी मागणारे वडील, ते कळायला काही मार्ग नव्हता. चहा मात्र त्याने पूर्ण प्याला.

आकडे थांबले. ताईने बोटं मोडली.

"बघू आता, नवीवर काय काय आलंय."

तिने यादी मागवली. नवीवर काही नव्हतं. तिने परत मागवली. मग जुनीची मागवली. जुनीवरही काही नव्हतं. मग तिने पडदा वर सरकवला, आपण टाकलेल्या ओळीपर्यंत, आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेका अक्षरावर बोट ठेवून ती ओळ वाचली. बोट पडद्यावरून उचललं, डबीवर ठेवलं. मग लॅपटॉपवर. मग परत डबीवर.

"मी उलटं केलं," ती म्हणाली.

तिने डबीची केबल काढून ठेवली.

"बॅकअप आहे ना तुझा?"

"आहे ना. आहे सगळं. तू काळजी करू नकोस."

हे तो फार पटकन बोलला. ताईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चूक शोधताना ती मशीनकडे जसं बघायची, तसं.

"तू मघाशी विचारलंस. ए म्हणजे आतली ना, म्हणून."

"सहज विचारलं मी."

"बारक्या."

त्याने रिकामा कप बाजूला सरकवला.

"तुला दिसलं होतं."

"हो," तो म्हणाला.

"एंटर मारायच्या आधी?"

"हो."

"आणि नंतरचे दोन तास?"

त्याने पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. "तू इतकी छान बोलत होतीस ताई."

ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "म्हणजे मी बडबडत होते आणि तू मला खेळवत होतास. लहान मुलाला हातात मोडका फोन देतात, तसं." तिने चष्मा काढून पंचावर ठेवला आणि भावोजींकडे बोट केलं. "हे तर करतातच. भाजीत मीठ दोनदा पडलं तर मुकाट्याने खातात आणि वर छान झालीय म्हणतात. मला कळत नाही असं वाटतं यांना. चव मला पण लागते ना. मी म्हणायचे, असू दे, एक बारक्या आहे. तो सांगेल. तो कधी मला घाबरला नाही आणि माझी कीवही त्याने केली नाही."

"अगं, चुकतं एखाद्या वेळी," भावोजी म्हणाले.

"चुकण्याचं नाही बोलत मी," ती म्हणाली. "चुकेन तर मी आता रोजच. काय काय गेलं, बारक्या? खरं सांग."

"बत्तिशी."

ते नाव तिला आठवलं. तिच्या तोंडावरून त्याला कळलं की आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. ताई उठली, खुर्ची नीट आत सरकवली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही.

भावोजी पंचाची घडी घालायला लागले. "मीच मान हलवली," ते म्हणाले. "मला वाटलं, तू तिला उगाच काहीतरी..."

"तुम्हाला काय माहीत होतं?" बारक्या म्हणाला. "मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही डिस्क घेऊन दुकानात गेला. दुकानवाल्याने जुनी लावून बघितली आणि सरळ सांगितलं की पुसलेलं एखाद्या वेळी परत मिळतं, पण वर दुसरं लिहिलं गेलं की मिळत नाही. इथे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं आहेत. नव्या एसएसडीवर त्याने विंडोज टाकलं. "लिनक्स पण हवं का? लागतं कशाला तुम्हाला?" बारक्याने टाक म्हटलं. आता लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू होत होता. त्या दोन ओळी यायच्या, तो खालची निवडून कामाला लागायचा. वरची उघडून बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

ताई फोनवर येईना. भावोजी म्हणायचे, झोपलीय, अंघोळीला गेलीय. मग एका रविवारी तो न सांगताच गेला. तिनेच दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला.

"ये रे. किती दिवसांनी. तुझा लॅपटॉप टिकटिकतोय म्हणे? घेऊन का नाही आलास?"

त्याने भावोजींकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ती म्हणाली होती, तू सांगशील. तो शब्द त्याच्या छातीवर तेव्हापासून दगडासारखा होता. म्हणून या वेळी तो तिच्यासमोर बसला, तिचा हात हातात घेतला आणि त्याने सगळं सांगितलं. आणला होता ताई. तू डिस्क बदललीस. कमांड उलटी पडली. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही. बत्तिशी गेली.

ती ऐकत गेली तशी तिच्या चेहऱ्यावरची एकेक गोष्ट विझत गेली, अगदी त्या दुपारच्यासारखी, कारण तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिने तेच विचारलं, एंटरच्या आधी दिसलं होतं का. त्याने तेच सांगितलं. तिने हात सोडवून घेतला. संध्याकाळपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि जेवायलाही उठली नाही.

भावोजी त्याला जिन्यापर्यंत सोडायला आले. कठड्याला धरून ते हळू आवाजात म्हणाले, "परवा परत विचारेल. लॅपटॉप का नाही आणला, म्हणून. तेव्हाही सांगणार आहेस?"

"तिनेच सांगितलंय ना, सांग म्हणून."

"तिला आठवतंय का ते?"

बारक्या जिना उतरायला लागला. खाली रस्त्यावर येऊन त्याने वर बघितलं. चौथ्या मजल्यावरचा दिवा लागलेला नव्हता.

पुढच्या रविवारी एका दंतवैद्याचं तातडीचं काम आलं. खरं म्हणजे सोमवारी करून चाललं असतं. त्याने भावोजींना फोन करून सांगितलं, या खेपेला जमत नाही. ते म्हणाले, हरकत नाही. मागून ताईचा आवाज आला, कोण आहे हो, बारक्या का, त्याला म्हणावं लॅपटॉप घेऊन ये. भावोजी म्हणाले, हो हो, सांगतो. त्याने फोन ठेवला, दिवा जवळ ओढला आणि घासायच्या फिरत्या चाकावर दात धरला. त्याच्या पुढच्या रविवारीही त्याने काम काढलं.